मागचे पान

सुरुवातीलाच क्षमा मागतो. माझी शाळा सातवीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकले असेल तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. शब्दही साधेच आहेत. पण गोष्ट चांगल्या माणसांची आहे, आणि ती माणसे आता एकेक करून दिसेनाशी होत आहेत, म्हणून लिहायला बसलो.

एकदा एक वृद्ध ग्रंथी गोदावरीच्या काठावर एका लहानशा गुरुद्वाऱ्यात राहत होते. ग्रंथी म्हणजे गुरुवाणीच्या ग्रंथाची सेवा करणारा. पहाटे तो ग्रंथ उघडायचा, वाचायचा, विचारील त्याला अर्थ सांगायचा आणि संध्याकाळी पुन्हा मानाने झाकून ठेवायचा, हे त्यांचे काम. त्यांच्या तीन पिढ्या मराठवाड्यात गेल्या होत्या. बोलणे मराठीच होते, फक्त रागावले की पंजाबी होत असे. ते क्वचितच रागावत, त्यामुळे त्यांची पंजाबी गावात फारशी कोणी ऐकलेली नव्हती. सगळे त्यांना बाबाजी म्हणत.

त्यांच्याकडे एक तरुण शिष्य होता. तोही शीखच, पण नदीच्या पलीकडच्या गावचा. वडील लवकर गेले, शाळा अर्ध्यावर सुटली, आणि चार माणसांसमोर तोंड उघडायचे म्हटले की त्याच्या तळहातांना घाम फुटत असे. पण स्मरणशक्ती चांगली होती. एकदा वाचलेली ओळ तो विसरत नसे, आणि कोणत्या पानावर आहे तेही विसरत नसे.

तेव्हा नदीवर पूल नव्हता. आता आहे, आणि गाड्या इतक्या वेगाने जातात की खाली नदी आहे हेही कळत नाही. तेव्हा मात्र अलीकडे यायचे तर सटवाजी भोयाच्या नावेतूनच यावे लागे. सटवाजी साठीचा, काळा, रुंद हातांचा माणूस. पहाटे नाव सोडण्याआधी तो नदीत उतरून तीन बुड्या घेई. थंडी असो, ताप असो, बुडी चुकायची नाही. मग काठावर बसून एक बिडी पेटवी. शिष्य पायऱ्या उतरताना दिसला, की ती अर्धीच बिडी वाळूत खुपसून विझवी. शीख माणसासमोर तंबाखू ओढू नये, एवढे त्याला माहीत होते. कोणी सांगितले होते, कोण जाणे.

"या ग्यानीमहाराज," तो ओरडे. "आज कोणतं पुस्तक पाठ करून येणार? बस लवकर, मासे खोळंबलेत तुझ्यासाठी!"

शिष्य हसत बसे. सटवाजीमामाशी मात्र तो मोकळेपणी बोलत असे. घरी वडील नव्हते. दिवसातला जो बोलका अर्धा तास त्याच्या वाट्याला येई, तो त्या नावेतला.

गुरुद्वाऱ्यात पोहोचल्यावर तो बाबाजींच्या शेजारी उभा राही. ग्रंथ उघडला जाई. उघडलेल्या डाव्या पानाच्या माथ्यावर जे पद असेल ते वाचायचे, तो त्या दिवसाचा हुकूम. पुष्कळदा ते पद मागच्या पानावर सुरू होऊन इथे आलेले असे. मग बाबाजी पान मागे उलटत, पदाचा आरंभ शोधत आणि तेथून वाचत. शिष्याने हे शेकडो वेळा पाहिले होते. पुढे तो स्वतःही तसेच करू लागला. दार उघडताना कडी काढावी, तसा हात आपोआप जाई.

त्या गावात आणखी एक चांगली चाल होती. कापडाचे एक व्यापारी होते, चर्चेचे मोठे शौकीन. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी त्यांच्या दुकानाच्या माडीवर बैठक भरे. मशिदीतले मौलवीसाहेब येत, कीर्तन करणारे एक बुवा येत, बाबाजी येत, आणि ज्याला ऐकावेसे वाटे तो कोणीही येई. एकाने आपल्या धर्मग्रंथातले काही सांगायचे, बाकीच्यांनी विचारायचे. भांडण कधी झाले नाही, कारण व्यापारी वेळेवर चहा मागवत. आवाज चढला की ते जिन्यावरून खाली ओरडत, "अरे, साखर जास्त टाक रे!"

बाबाजी त्या बैठकीत फार बोलत नसत. एका महिन्यात ते म्हणाले, "पुढच्या वेळी आमच्याकडून हा सांगेल," आणि त्यांनी शिष्याकडे बोट दाखवले.

शिष्याने महिनाभर तयारी केली. निळ्या पुठ्ठ्याची एक वही घेतली. तिच्यात विषयवार पाने पाडली. तीर्थ, उपवास, जात, दिखाऊ पूजा. प्रत्येक विषयाखाली गुरुवाणीतल्या नेमक्या ओळी उतरवल्या, शेजारी पानांचे आकडे लिहिले. कोणी काही विचारले की उत्तर तयार असावे. शाळा सुटलेल्या माणसाला उत्तर तयार असण्याचे फार अप्रूप असते.

तो रविवार आला. माडी भरली होती. पलीकडून माणसे घेऊन आलेला सटवाजीही जिन्याजवळ उकिडवा बसला होता. आपल्या नावेतला पोरगा आज बोलणार म्हणून तो धुतलेला सदरा घालून आला होता.

बुवांनी विचारले, "तीर्थस्नानाविषयी तुमची वाणी काय म्हणते?"

शिष्याने वही उघडली. आवाज आधी थरथरला, मग लागला. मनातला मळ तसाच ठेवून अंग धुणाऱ्याला तीर्थाच्या पाण्याचा काय उपयोग, अशा अर्थाची ती ओळ होती. त्याने ती सुरात म्हटली आणि अर्थ सांगितला. माना डोलल्या. कोणी "वा!" म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणी "वा" म्हटले होते. त्या एका शब्दाने त्याची भीड पार गेली, आणि तो वहीत नसलेले बोलला.

"आपल्या घाटावरच बघा ना. रोज पहाटे तीन तीन बुड्या. इतक्या वर्षांत भिजली ती फक्त कातडी!"

माडी हसली. सगळ्यांच्या माना जिन्याकडे वळल्या. सटवाजीही हसला. त्याने डोक्यावरचा पटका थोडा सरळ केला आणि म्हणाला, "खरं हाये, कातडी लई भिजली."

"शाळा सोडली, पण वाणी नाही सोडली पोराने!" व्यापारी टाळ्या वाजवत म्हणाले.

चहा वर आला तेव्हा जिन्याजवळची जागा रिकामी होती. बाबाजींनी आपला कप न पिताच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे शिष्य घाटावर आला. सटवाजीने बुड्या घेतल्या होत्या. शिष्याला पाहून त्याने बिडी वाळूत विझवली. पण हाक आली नाही. माशांची थट्टा आली नाही. शिष्य नावेत बसला, नाव निघाली. 

"मामा, रागावलात का?" त्याने मध्यावर विचारले.

"नाही जी. तुम्ही शिकलेली माणसं. आम्ही काय रागावणार?"

असेच रोज होऊ लागले. रोज बिडी विझे आणि रोज नाव मुकी चाले. बिडी विझवणे त्याने एक दिवस जरी सोडले असते, तरी शिष्याला बरे वाटले असते. अलीकडे उतरला की दिवसभर त्याला काही सुचत नसे. बाजारात लोक थांबवून म्हणत, "काय बोललास रे त्या दिवशी!" आणि त्याला ते ऐकवत नसे.

शेवटी त्याने बाबाजींना विचारले. ते ग्रंथावरचे रुमाल घडी करत होते.

"बाबाजी, मी ओळ चुकीची सांगितली का?"

"नाही. ओळ बरोबर होती."

"मग अर्थ चुकला?"

"अर्थही बरोबर होता."

"मग सटवाजीमामा बोलत का नाहीत?"

बाबाजींनी रुमालाची घडी उलगडली, कोपरे जुळवले आणि पुन्हा घातली. "पुढची बैठक इथे घेऊ. कापडवाल्या शेठजींना सांगून ये."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठक गुरुद्वाऱ्यात भरली. सगळे पाय धुऊन, डोकी झाकून आत आले. बुवांनी खिशातला रुमाल डोक्याला बांधला होता, तो सारखा डोळ्यांवर घसरत होता. मौलवीसाहेब टोपीतच होते. त्यांनी शिष्याकडे पाहून हळूच विचारले, "बेटा, त्या वहीत आमच्यासाठीही एखादं पान असेलच, नाही?"

शिष्याची मान खाली गेली. पान होते.

सटवाजी आला नव्हता.

व्यापारी म्हणाले, "बाबाजी, गेला महिनाभर बुवा तयारी करताहेत. त्या ओळीला त्यांच्याकडे उत्तर आहे म्हणतात. तर आधी तुम्ही निकाल द्या. पोराने लावलेला अर्थ खरा की खोटा?"

बाबाजींनी ग्रंथावर ढाळायची चवरी हातात घेतली. ते शिष्याला म्हणाले, "त्या दिवशीची ओळ ज्या पदात आहे, ते पद वाच."

शिष्य ग्रंथामागे बसला. बाबाजी चवरी घेऊन शेजारी उभे राहिले. पानाचा आकडा तोंडपाठ होता. त्याने नेमके पान काढले, ओळीवर नजर ठेवली आणि पहिला शब्द उच्चारला.

बाबाजींची चवरी थांबली.

"रोज सकाळी हुकूम घेताना काय करतोस?"

"ग्रंथ उघडतो."

"मग?"

"डाव्या पानाचा माथा बघतो. पद मागून आले असेल तर..." तो थांबला.

"तर?"

"तर पान मागे उलटतो."

"मग आज का नाही?"

सभेत कोणाला काही कळेना. व्यापारी बुवांच्या कानात म्हणाले, "हवी ती ओळ समोर आहे, आणि हे मागे कुठे निघाले?"

शिष्याने पान मागे उलटले. पदाचा आरंभ सापडला. तो पहिल्यापासून वाचू लागला. पद रचणाऱ्याने सुरुवातीलाच हाक मारली होती ती स्वतःच्या मनाला. माझ्या मना, तू किती फसवतोस. तू किती रूपे घेतोस. मग एकेक ओळ करीत, सगळा दोष आपल्याच पदरात घेत, ते पद पान ओलांडून त्या ओळीपाशी येत होते. मनातला मळ तसाच ठेवून अंग धुणारा तो माणूस घाटावरचा कोणी नव्हता. पद रचणाराच होता.

वाचून झाले. बाबाजींनी चवरी खाली ठेवली.

मग बाबाजी बोलले. "शेठजी, अर्थ खराच होता. पण ज्याने ही ओळ रचली, त्याने ती स्वतःच्या अंगावर घेतली होती. माझ्या शिष्याने ती तिथून उचलली आणि दुसऱ्याच्या अंगावर टाकली. आमच्या वडीलधाऱ्यांनी पान मागे उलटायला शिकवले. आम्ही ते हाताने शिकलो आणि तिथेच थांबलो. ओळ काय म्हणते हे समोरच्या पानावर असते. ती कोणाला म्हणते हे पुष्कळदा मागच्या पानावर असते. जो मागे जात नाही, त्याच्या हातात वाणी राहत नाही, दगड राहतो. आणि यात चूक माझीही आहे. मी याला ओळी शिकवल्या. तो वही भरत होता तेव्हा मी कौतुकाने बघत होतो."

बुवांनी डोळ्यांवर आलेला रुमाल वर सरकवला. मांडीवरचा उत्तराचा कागद घडी करून खिशात ठेवला. "माझ्याकडे याला चांगलं सणसणीत उत्तर होतं," ते म्हणाले. "पण आता मलाही त्याचं मागचं पान बघून यावं लागेल. मौलवीसाहेब, तुमचं काय?"

"मी तर म्हणतो, आज फक्त चहा घेऊ," मौलवीसाहेब म्हणाले, आणि सगळे हसले. त्या हसण्यात कोणाची मान कोणाकडे वळली नाही.

लोक गेल्यावर शिष्य वही घेऊन बाबाजींपुढे उभा राहिला. "ही नदीत सोडून देऊ का?"

"वहीने काय केले? ठेव. प्रत्येक ओळ कुठून निघाली ते बघत जा. आयुष्य पुरेल इतके काम आहे." मग ते थोडे थांबून म्हणाले, "तो तुला पाहून बिडी विझवतो ना रे?"

"हो. अजूनही."

"आपल्या रीतीचा मान कसा ठेवायचा, हे त्याला कोणत्या ओळीने शिकवले? ते पान तू कधी उलटलेस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य नेहमीपेक्षा लवकर घाटावर गेला. सटवाजी अजून पाण्यातच होता. एक बुडी झाली होती. शिष्य खालच्या पायरीवर बसून राहिला. दुसरी झाली. तिसऱ्या बुडीला सटवाजी बराच वेळ पाण्याखाली राहिला, आणि वर आला तो चार हात पुढे.

"मामा," शिष्य म्हणाला, "ही बुडी तुम्ही कधीपासून घेता?"

सटवाजीने तोंडावरचे पाणी निपटले. "कामून? वहीत लिवायचंय?"

"वही घरी ठेवून आलो."

"मंग कशाला इचारता?"

"त्या दिवशी मी मधूनच बोललो, मामा. पहिलं काही मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नाही कधी. चुकलो."

सटवाजी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. पलीकडे फटफटू लागले होते. नावेचा दोर खुंट्यावर कुरकुरत होता. मग त्याने शिष्याकडे नीट पाहिले.

"मागून सांगावं लागंल," तो म्हणाला. "बेचाळीस वर्सं झाली. माझा धाकटा भाऊ व्हता. चौदाचा. नाव बापाची, पण वल्हं आम्ही दोघं मारायचो. एका रातीत वाळू सरकली. नदीचं असंच असतं लेकरा, वरून पाणी तेच दिसतं अन् खाली रातच्यात सगळं बदलतं. त्या दिवशी मला आळस आला. तळ न बघताच नाव सोडली. मधी उभी रुतली अन् कलंडली. माणसं वाचली सगळी. तो नाही वाचला."

शिष्य पायरीवरून उठून उभा राहिला.

"तवापासून रोज खाली जातो. एक बुडी अलीकडं, एक मधी, एक पुढं. हातानं वाळू चाचपतो. आज वाट कुठून हाये ते बघतो, मग तुमाला बसवतो. गंगामाईचं नाव घेतो, खोटं कशाला बोलू? त्याचंबी घेतो. पण पुण्याचं मला काय ठावं न्हाई."

शिष्य इतकी वर्षे त्या नावेत बसला होता. नाव एकदाही रुतली नव्हती, आणि ती का रुतत नाही, असे त्याच्या मनात एकदाही आले नव्हते.

त्याने चपला काढल्या, विजार गुडघ्यांवर घेतली आणि पायऱ्या उतरून पाण्यात शिरला. पाणी बोचरे होते. विजार भिजली, मग सदरा भिजला. सटवाजीने त्याचा हात धरून त्याला पुढे नेले.

"इथं पाय टेक. लागतं का कडक?"

"लागतं."

"आता डावीकडं सरक. सावकाश."

पायाखालची वाळू एकाएकी मऊ झाली आणि पाय घोट्यापर्यंत आत गेला. शिष्य दचकून त्याच्या दंडाला बिलगला.

"काल ही इथं नव्हती," सटवाजी म्हणाला. "आज वळसा घालून जावं लागंल. चला ग्यानीमहाराज, वर चल. काकडशील. मासे हसायलेत तुला."

त्या दिवशी नाव वळसा घालून गेली आणि तिला नेहमीपेक्षा वेळ लागला. दोघे सारा वेळ बोलत होते.

शिष्य गुरुद्वाऱ्यात पोहोचला तेव्हा ग्रंथ उघडून झाला होता, हुकूमही वाचून झाला होता. एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदाच उशिरा आला होता. कपड्यांतून पाणी निथळत होते, म्हणून तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"उशीर झाला, बाबाजी."

बाबाजींनी त्याच्या भिजलेल्या कपड्यांकडे पाहिले, मग चेहऱ्याकडे पाहिले.

"किती मागे जावे लागले?"

"बेचाळीस वर्षे."

बाबाजी उठले, आतून कोरडा पंचा घेऊन आले आणि तो स्वतःच्या हाताने त्याच्या खांद्यावर टाकला.